युकातानला जाताय? मुक्काम वायादोलिदला टाका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही न्यू जर्सीला, आई-बाबा ठाण्याहून आलेले, मुलं ११ आणि ७ वर्षांची. नाताळच्या सुट्टीत आठ दिवस हाताशी. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पावर कानकुनला समुद्रावरच्या, खाणंपिणं सगळं पैशांत धरलेल्या हॉटेलात सगळ्या रात्री काढायच्या आणि मधे एक दिवस बसने जाऊन चिचेन इत्सा हे माया लोकांचं प्राचीन नगर, एक सेनोते (म्हणजे पाण्याचं नैसर्गिक विवर) आणि वायादोलिद गाव उरकून यायचं, असा बेत. आईंचा गुडघा दुखरा, बाबा अंडंसुद्धा न खाणारे. हा बेत जमेल का?

जमेल, पण करू नका. चौदा वर्षं मी छोटे मराठी गट घेऊन या भागात जातोय, आणि पहिली दोन वर्षं मी स्वतः हाच बेत लोकांना विकत होतो, त्यामुळे हे हक्काने सांगतो. कानकुनची वाळू पिठासारखी आहे, पाण्याचा निळा रंग फोटोत दिसतो तसाच आहे. पण ते गाव १९७० नंतर सरकारने पर्यटनासाठी वसवलेलं. तिथे राहून माया जग बघणं म्हणजे नवी मुंबईत उतरून रोज रायगडावर जाऊन येण्यासारखं आहे. जाता येतं, दिवस मात्र रस्त्यातच संपतो.

त्या बसचा दिवस कसा जातो ते ऐका. सहाला तुम्हाला उचलतात, मग आणखी पाच हॉटेलं फिरतात. वाटेत 'हस्तकला केंद्रा'वर पाऊण तास. चिचेन इत्साला पोचेपर्यंत साडेअकरा. मोठ्या पिरॅमिडच्या भोवतीचं मैदान मोकळं आहे, सावलीला झाड नाही. पहिल्या वर्षी अशाच एका बसने मी चौदा जणांना नेलं आणि गटातल्या एका काकूंना तिथेच भोवळ आली. कडेच्या झाडाखाली लाकडी मुखवटे विकत बसलेल्या बाईने त्यांना आपल्या पथारीवर बसवलं, लिंबू पिळून मीठ घातलेलं पाणी दिलं. तोवर आमच्या गाइडची वेळ संपत आली होती. आम्ही पाहिलं काय, तर एकमेकांच्या टोप्या.

म्हणून माझा सल्ला असा: विमानतळावरून तडक वायादोलिद गाठा. अंतर साधारण १६० किलोमीटर, दोन तासांचा रस्ता. तिथे तीन रात्री, पुढे मेरिदा शहरात दोन, आणि शेवटच्या दोन समुद्रावर, पण कानकुनला नव्हे, पुएर्तो मोरेलोसला. सहा जण आहात, तेव्हा मोठी गाडी भाड्याने घ्या, नाहीतर चालकासह ठरवा. अंधार पडल्यावर मात्र गाडी हाकू नका. 'तोपे' नावाचे तिथले गतिरोधक आपल्याकडच्यांना लाजवतील असे उंच असतात आणि कित्येकदा त्यांवर ना रंग ना पाटी.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, कारण ती कळली की बाकी सगळं उलगडतं. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर वाहणारी नदी नाही. एकही नाही. सगळी जमीन चुनखडीची. पाऊस पडला की पाणी दगडातून थेट खाली मुरतं आणि भुयारांमधून वाहत राहतं. एखाद्या भुयाराचं छत कोसळलं की खाली पाणी उघडं पडतं. तो झाला सेनोते. मूळ माया शब्द 'झोनोत', स्पॅनिश तोंडात त्याचा सेनोते झाला. नकाशावर मेरिदाच्या आजूबाजूचे सेनोते बघितले तर ते मोठ्या अर्धवर्तुळात ओळीने दिसतात. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी चिक्शुलुबला जी उल्का आदळली, ज्या आघाताने डायनासोर संपले, त्या विवराची ही कड. तुमच्या अकरा वर्षांच्या पोराला हे आधी सांगू नका. पोहून वर आल्यावर सांगा.

गावं वसली ती या पाण्याच्या काठी. चिचेन इत्सा या नावाचा अर्थच 'इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी' असा आहे. वायादोलिदचं जुनं माया नाव सासी, आणि त्याच नावाचा सेनोते आजही चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लोक दुपारी तिथे येऊन डुंबतात, आपल्याकडे गावच्या विहिरीवर पोरं उड्या मारतात तशा उड्या मारतात.

पहिल्या दिवशी मुलांना तिथेच न्या. पायऱ्या उतरताना हवा थंड होत जाते, आवाज घुमायला लागतात. वर कातळाचा कंगोरा पुढे आलेला, त्यावरून झाडांची मुळं दोरासारखी खाली पाण्यापर्यंत सोडलेली. नीट बघत राहिलात तर 'तोह' नावाचा निळा-हिरवा पक्षी दिसेल. त्याच्या शेपटीला दोन लांब पिसं, टोकाला पिसाऱ्याचे ठिपके, आणि बसल्या जागी तो ती शेपूट घड्याळाच्या लंबकासारखी हलवतो. हा पक्षी सेनोतेच्या कडेकपारीत घरटं करतो, त्यामुळे तोह दिसला की जवळपास पाणी आहे, अशी जुन्या लोकांची खूण.

आईंच्या गुडघ्याचा विचार मात्र आधी करा. प्रसिद्ध सेनोते बहुतेक खोल आहेत. चिचेन इत्साजवळच्या इक किलचं पाणी जमिनीपासून सुमारे २६ मीटर खाली आहे, आणि उतरलेल्या पायऱ्या ओल्या अंगाने पुन्हा चढायच्या असतात. वायादोलिदजवळचा श्केकेन बघण्यासारखा, छताच्या एका भोकातून उन्हाची तिरीप पाण्यात उतरते, पण वाट अरुंद आणि घसरडी. आईंना तिथे नेऊ नका. त्यांच्यासाठी शेवटच्या दोन दिवसांत किनाऱ्याकडचा सेनोते आसुल ठेवा. तो उघड्या तळ्यासारखा आहे, काठावर बसून पाय पाण्यात सोडता येतात, आणि छोटे मासे येऊन टाचा कुरतडतात. माझ्या गटातल्या आज्या तिथून उठायला तयार नसतात.

सेनोतेत शिरण्याआधी शॉवर घ्यावा लागतो आणि अंगाला लावलेलं सनस्क्रीन धुऊन टाकावं लागतं. ही कटकट वाटली तरी मनापासून पाळा. भुयारं एकमेकांना जोडलेली आहेत. तुलुमजवळची दोन भुयारं एकच असल्याचं पाणबुड्यांनी २०१८ साली शोधून काढलं, तेव्हा त्यांची मिळून लांबी ३४७ किलोमीटर भरली. म्हणजे इथे धुतलेलं तेल कुठे निघेल सांगता येत नाही, आणि गावं याच पाण्यावर जगतात. अंगभर बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या, सनस्क्रीनची गरजच उरत नाही. बहुतेक ठिकाणी लाइफ जॅकेट देतात. बाबांना पोहता येत नसेल तरी ते घालून उतरवा.

चिचेन इत्सा. दरवाजे सकाळी आठला उघडतात आणि तुम्ही पावणेआठला रांगेत असायला हवं. वायादोलिदहून पाऊण तास लागतो, म्हणजे सातला निघालं की झालं. म्हणूनच तर मुक्काम तिथे. रविवार टाळा, त्या दिवशी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असतो आणि अख्खा प्रांत लोटतो. तिकिटाचे दोन भाग असतात, एक केंद्राचा, एक राज्याचा. तेव्हा एक पावती घेऊन पुढे पळू नका. ट्रायपॉड आणि ड्रोन गाडीतच राहू द्या.

पिरॅमिडवर चढता येत नाही, २००६ पासून बंद आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण तो खालूनच वाचायचा आहे. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, झाल्या ३६४, आणि वरचा चौथरा धरून ३६५. मुलांना एक बाजू मोजायला लावा. मग उत्तरेच्या जिन्यासमोर उभं राहून एकदाच जोरात टाळी वाजवा. जिन्यावरून जो आवाज परत येतो तो टाळीचा नसतो, चिर्र करून उतरत जाणारी पक्ष्याची हाक असते. केत्साल नावाच्या पक्ष्यासारखी, असं म्हणतात. बांधणाऱ्यांनी ते मुद्दाम साधलं का, यावर विद्वान भांडोत. सात वर्षांच्या मुलाला पुढे अर्धा तास टाळ्या वाजवण्यापासून थांबवणं हे तुमचं काम.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, दुपारच्या उन्हात याच जिन्याच्या कठड्यावर सावलीचे त्रिकोण पडतात आणि खालच्या दगडी नागमुखाला धड जोडलं जातं. तुम्ही डिसेंबरात जाताय, तेव्हा ते नाही. काही बिघडत नाही. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

पिरॅमिडनंतर लोक दमतात आणि परत फिरतात. तुम्ही चेंडूच्या मैदानाकडे वळा. १६८ मीटर लांब, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, भिंतीत वर बसवलेली दगडी कडी. रबराचा जड चेंडू कमरेने टोलवत खेळायचे. भिंतीच्या पायथ्याशी शिल्पपट्टी आहे: एका खेळाडूचं मुंडकं उडवलेलं, आणि मानेतून रक्ताऐवजी साप आणि वेल फुटलेले. गाइड हमखास सांगतो की जिंकणाऱ्याचाच बळी द्यायचे. ऐकून घ्या, पण ते सिद्ध झालेलं नाही. दहा वाजले की बसगाड्या यायला लागतात. तेव्हा तुम्ही बाहेर पडत असाल, आणि तो आनंद तिकिटाच्या पैशांत धरलेला नसतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी काही बघू नका. वायादोलिदच्या बाजारात जा. उच्चाराची एक युक्ती सांगतो: माया शब्दांतला एक्स हा आपला 'श'. म्हणून Uxmal हे मेरिदाजवळचं माया नगर उश्माल, म्हणून Xkeken श्केकेन. भाजीवाल्या बाईला 'बिश आ बेल?' म्हणून बघा. 'कसं काय' असा अर्थ, पण शब्दशः 'तुझा रस्ता कसा आहे?' उत्तर येईल 'मालोब', छान आहे. मेक्सिकोत आजही साडेसात लाखांहून जास्त लोक ही भाषा बोलतात. 'नाहीशी झालेली माया संस्कृती' वगैरे माहितीपत्रकात वाचलं असेल, तर ते वाक्य या बाजारात टिकत नाही. शहरं ओस पडली, माणसं इथेच राहिली. खेड्यातल्या घरात गेलात तर तीन दगडांची चूल दिसेल, आणि आईंना काही समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय हे लोक हिशोब विसांत करायचे: ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. 'तीन विसा आणि पाच' असं म्हणणारी आजी बाबांना आठवत असेल, तर त्यांना ही पद्धत तुमच्याआधी कळेल.

बाजारात चिकू दिसेल. घोलवडचा वाटावा असा, आणि नातं खरंच आहे, कारण चिकू मूळचा याच प्रदेशातला. त्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंग गम बनायचं. त्याचं लाकूड इतकं चिवट की माया देवळांच्या दारांवर घातलेल्या चिकूच्या तुळया हजारेक वर्षांनंतरही काही ठिकाणी जागेवर आहेत. तसंच घायपात. आपल्या बांधावरची काटेरी घायपात इथे शेतंच्या शेतं भरून लावायचे. तिच्या दोरांवर मेरिदाचे जमीनदार गबर झाले आणि माया मजूर त्या शेतांवर पिळून निघाले. ज्या बंदरातून तो माल जायचा त्याचं नाव सिसाल, म्हणून घायपाताच्या धाग्याला जगभर सिसल म्हणतात.

आता बाबांचं जेवण. इथे मी लांबण लावणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच असतात. युकातानचं नाव काढलं की कोचिनिता पिबिल: अचिओतेच्या लाल वाटणात मुरवून, केळीच्या पानात गुंडाळून, जमिनीतल्या खड्ड्यात भाजलेलं डुक्कर. पद्धत ऐकून अलिबागच्या पोपटीची आठवण येते, पण बाबांना त्याचा उपयोग नाही. खरी अडचण दिसत नाही ती: घेवड्याची उसळ डुकराच्या चरबीत परततात, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. 'मांस नको' म्हटलं तर ते मांसाचे तुकडे काढून देतील आणि तुम्हाला शाकाहारी जेवण दिलं असं प्रामाणिकपणे समजतील. म्हणून चार शब्द कागदावर लिहून घ्या: 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, 'सिन पोयो' कोंबडी नको, 'सिन मान्तेका' चरबी नको, 'सिन उएवो' अंडं नको. पापाद्सुलेस सगळे शाकाहारी म्हणून सुचवतात. भोपळ्याच्या बियांच्या हिरव्या रश्शात बुडवलेल्या पोळ्या, पण आत उकडलेलं अंडं असतं. बाबांसाठी नाही.

त्यांना 'सिकिल पाक' मागवा. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि भाजलेला टोमॅटो एकत्र वाटून केलेली चटणी, सोबत मक्याच्या ताज्या पोळ्या. आमच्या एका गटातल्या सोलापूरच्या आजोबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, 'शेंगा नाहीत एवढंच.' चाया नावाची पालेभाजीही मागा. टेबलावर ठेवलेली मिरचीची वाटी हाबानेरोची असेल. 'आम्ही कोल्हापूरचे' म्हणणाऱ्यांनाही मी पाणी मागताना पाहिलंय. नळाचं पाणी पिऊ नका. मुलांना संध्याकाळी चौकातल्या गाडीवर मार्केसिता द्या, कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं चीज. तिच्या पिठात अंडं असतं, तेव्हा बाबांना चव देताना विचारून.

मेरिदाच्या वाटेवर इसामालला थांबा. सगळं गाव पिवळ्या रंगाचं, आणि मधला मठ माया पिरॅमिड पाडून त्याच्याच चौथऱ्यावर बांधलेला. मेरिदा शहरही १५४२ मध्ये जुन्या माया नगरावर वसवलं, तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतीत देवळांचेच दगड आहेत. इसामालच्या मठाशी दिएगो दे लांदा या पाद्र्याचं नाव जोडलेलं आहे. त्याने १५६२ मध्ये मानी गावात माया पोथ्यांची होळी केली. आज जगात अशा चारच पोथ्या उरल्यात. गंमत अशी की माया चालीरीतींबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं याच माणसाने लिहून ठेवल्यामुळे.

मेरिदाहून उश्माल ८० किलोमीटर. खरं सांगू? एकच अवशेष बघायचा असेल तर मी चिचेन इत्सा सोडून उश्माल बघेन. गर्दी कमी, झाडी जास्त, आणि दगडकाम असं की भिंतीवर नक्षीचं कापड ताणून बसवलंय असं वाटावं. कोपऱ्याकोपऱ्यात लांब वाकड्या नाकाचे मुखवटे, चाक या पाऊसदेवाचे. इतके का? कारण या टेकाडी भागात सेनोतेच नाहीत. पाणी फार खोल. लोक जमिनीत हौद खोदून पावसाचं पाणी साठवायचे, आणि पाऊस चुकला की संपलं. मुख्य पिरॅमिड एका बुटक्याने एका रात्रीत बांधला अशी दंतकथा आहे. पांडवांनी एका रात्रीत खोदलेली लेणी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना ती लगेच पटते. मेरिदाच्या दुसऱ्या दिवशी सेलेस्तुन या किनाऱ्यावरच्या गावी होडीतून रोहित पक्षी बघा. डिसेंबर त्याला चांगला.

समुद्राबद्दल थोडकंच. पुएर्तो मोरेलोस हे मासेमारीचं गाव, विमानतळापासून जेमतेम अर्धा तास. प्रवाळाची भिंत किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे लाटा आत येईपर्यंत मऊ होतात. मुलांना पहिल्यांदा मुखवटा लावून पाण्यात मासे दाखवायला याहून बरी जागा नाही. उन्हाळ्यात सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ किनाऱ्यावर ढिगांनी येतं आणि कुजून घाण वास मारतं. डिसेंबरात तो त्रास सहसा नसतो. त्या महिन्यात 'नोर्ते' मात्र येतो, उत्तरेचा गार वारा. तो सुटला की एक-दोन दिवस छोट्या होड्या बंद ठेवतात. म्हणून होडीची फेरी शेवटच्या दिवसावर टाकू नका. देवमाशासारखे प्रचंड व्हेल शार्क उन्हाळ्यात येतात. डिसेंबरात कुणी दाखवतो म्हणाला तर पैसे देऊ नका. तुलुमला अर्धा दिवस पुरे: कड्यावरचं कोट असलेलं माया नगर, खाली निळा समुद्र, सकाळी लवकर. बाकी तुलुम आता महाग कॅफेंचं गाव झालंय.

कागदपत्रं. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टावर असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण 'चालू' म्हणजे शिक्का चालू. तुमच्यापैकी कुणाचा वर्क व्हिसा कागदावर वाढवलेला असेल आणि पासपोर्टावरचा शिक्का संपलेला असेल, तर विमानात बसण्याआधीच अडकाल. हे आज रात्रीच तपासा, आई-बाबांचेही पासपोर्ट उघडून. गाडी भाड्याने घेताना तिथला थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो. क्रेडिट कार्डाचा विमा त्याला चालत नाही, आणि स्वस्त दिसणारं भाडं काउंटरवर दुप्पट होतं ते यामुळेच. पेट्रोल भरताना मीटर शून्यावर आहे ना ते बघा. रोख पेसो जवळ ठेवा. एटीएमने 'आम्ही रूपांतर करून देऊ का' विचारलं तर नको म्हणा.

शेवटचं, घड्याळाचं. कानकुन किंताना रो राज्यात आहे, आणि वायादोलिद, मेरिदा युकातान राज्यात. किंताना रोचं घड्याळ २०१५ पासून एक तास पुढे आहे. जाताना तास मिळतो, येताना जातो. एकदा वायादोलिदहून आठ जणांना घेऊन मी आरामात निघालो, सीमेवर फोनने आपणहून वेळ बदलली आणि माझ्या पोटात गोळा आला. विमान चुकलं. नवी तिकिटं माझ्या खिशातून काढली, तक्रार करायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. म्हणून शेवटच्या दोन रात्री विमानतळाच्या घड्याळातल्या गावात ठेवल्यात. मेरिदा ते पुएर्तो मोरेलोस साधारण चार तास, पण त्या दिवशी पाच धरा.